पहिलं ऊन खांबावर

कापूस फुटायला लागला की माझा स्वभाव बिघडतो. दाराची कडी मी दोनदा तपासते. भाजीवालीचा काटा निरखून पाहते, आलेल्या पाकिटाचा डिंक ओला आहे का ते बोटाने चाचपते. मुलगी फोनवर हसते आणि म्हणते, "आई, तुझा सीझन लागला वाटतं." लागलेलाच असतो. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या दिसू लागतात, तारेच्या कुंपणांना आणि बाभळीच्या काट्यांना कापसाचे पांढरे पुंजके अडकून राहतात, हवेत सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगचा तो कोरडा, नाकात खाज आणणारा वास येतो. आणि मला तो हंगाम आठवतो, ज्यात मी एका माणसावर तीन महिने पाळत ठेवली होती.

दारव्ह्याच्या आमच्या कॉलेजच्या गच्चीवर एक घुमट आहे. मी तिथे पदार्थविज्ञान शिकवत असे. घुमट पत्र्याचा, जेमतेम दहा फूट रुंद, धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या एका कारागिराने ठोकून दिलेला. खाली गोल रूळ, रुळावर चाकं, त्यामुळे सगळा घुमट गरगर फिरायचा. त्याला एका बाजूने वरपर्यंत दोन फुटी उभी फट होती. मधोमध सिमेंटचा खांब आणि खांबावर, आपल्या लोखंडी बैठकीवर, दुर्बीण. बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं की हे सगळं एकच यंत्र आहे. तसं ते नव्हतं. दुर्बीण ताऱ्याच्या मागे जायची आणि घुमटाने दुर्बिणीच्या मागे जायचं, एवढीच त्याची नोकरी. दुर्बीण जिथे पाहील तिथे फट हवी, नाहीतर समोर पत्रा. हे जुळवून देणारा एक जुना संगणक कोपऱ्यात होता. दुर्बिणीची बैठक कुठे वळली आहे ते तो वाचायचा, रुळावर टेकलेल्या एका रबरी चाकाचे फेरे मोजायचा आणि घुमटाची मोटर चालवायचा.

या संगणकाचा एक दोष होता. वीज गेली की घुमट कुठे होता ते तो साफ विसरायचा. आणि ती वर्षं भारनियमनाची. वीज दिवसातून कितीदा जायची ते विचारू नका, ती येते कितीदा एवढंच आम्ही लक्षात ठेवायचो. वीज आली की संगणकाचा पहिला प्रश्न एकच, घुमट आत्ता कुठे आहे? आपण आकडा सांगायचा आणि त्याने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. त्या वर्षांत आमच्या भागात असा विश्वास ठेवणारा तो बहुधा एकटाच होता.

बाकी सगळे एकमेकांकडे डोळे बारीक करून पाहत. बियाण्याचं पाकीट खरं की खोटं ते कळायला मार्ग नव्हता, लोक दुकानातच पाकीट फोडून बी दाताखाली चावून पाहत. फवारणीची बाटली उन्हात धरून हलवत. जिनिंगवर कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून ओल आहे का ते पाहिलं जाई, आणि हात घालणाऱ्याच्या चेहऱ्याकडे गाडीवाला पाहत असे. मान्सून त्या वर्षी मधेच गायब झाला होता आणि त्याचंही खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायला हवं होतं. ते आमच्या घुमटावर फुटलं.

एकदा जीपमध्ये दाटीवाटीने बसलेली असताना चालक मला आरशातून म्हणाला, "मॅडम, एक विचारू का? तुमचं थे गोल घर ढग पळवते म्हनते लोक. खरं हाय का?"

मी म्हटलं, "अहो, तो पत्र्याचा घुमट आहे. नुसता फिरतो."

"फिरते, मंग फिरते कायले?" त्याने विचारलं, आणि सगळी जीप माझ्या उत्तराची वाट पाहू लागली. मी दुर्बीण, तारे, पृथ्वीचं फिरणं असं काहीबाही सांगितलं. कुणाला पटलं नाही. उतरताना एक म्हातारी मात्र मला म्हणाली, "पावसाच्या दिवसात बंद ठेवत जाय बाई." मला राग आला होता. आज वाटतं, त्यांचा संशय निदान तोंडावर बोलून दाखवलेला होता.

घुमटाची देखभाल देवसिंगभाऊंकडे होती. देवसिंग राठोड, वय चाळिशीच्या आत, दारव्ह्यापासून थोड्या अंतरावर असलेल्या बंजारा तांड्यावर राहणारे. सहा वर्षं रोजंदारीवर शिपाई. रोज पहाटे सायकलने येत, गच्ची झाडत, घुमटाची फट उघडून आत हवा खेळवत. जिनिंग जवळ असल्यामुळे कापसाच्या तंतूंची धूळ उडून रुळाच्या ग्रीसवर चिकटायची, ती रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढत. अंगात एकच खाकी स्वेटर, आणि हंगामात त्या स्वेटरलाही घरच्या शेतातला कापूस चिकटलेला असायचा, कारण बायको आणि याडी, म्हणजे आई, वेचणीला जात आणि कॉलेजला यायच्या आधी हे डोक्यावर एखादं गाठोडं वाहून टाकत. येत्या जानेवारीत कॉलेजात शिपायाची एक जागा कायम होणार होती. तिच्यावर दोघांचा डोळा होता, यांचा आणि ग्रंथालयातल्या एका शिपायाचा.

"कायम झालो का ओळखपत्र भेटते न मॅडम, फोटोवालं?" एकदा त्यांनी मला विचारलं.

"मिळतं. पण त्याचं एवढं काय?"

ते हसले. "तुमाले काय करायचं त्याचं. तांड्याचा मानूस रस्त्यानं चालला का पोलीस पह्यले त्यालेच थांबवते. कुठून आला, पोत्यात काय हाय. मंग कार्ड दाखोलं का झालं."

मी हो हो म्हटलं आणि विसरून गेले. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कचेरीत नोकरी करणारी माणसं. मला रस्त्यात कधी कोणी थांबवलं नव्हतं.

आता 'उगवती' या शब्दाकडे येते. रुळावर घुमटाच्या मूळ जागेची एक खाच होती, ती श्रावणात रंगाऱ्याने रंग देताना बुजवून टाकली. नागपूरहून एक चुंबकाचा खटका मागवला होता, तो बसला असता तर घुमटाला स्वतःची जागा स्वतःच कळली असती. पण पत्र गेलं, उत्तर आलं नाही. तोवर काहीतरी सोय हवी होती. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले. उजाडत होतं. देवसिंगभाऊ घुमट हाताने ढकलत होते. बरोबर पूर्वेकडून सूर्य वर आला आणि फटीतून आत शिरलेलं ऊन थेट खांबावर पडलं. मला ते फार आवडलं.

मी म्हटलं, "देवसिंगभाऊ, रोज सकाळी घुमटाचं तोंड उगवतीला करून ठेवत जा. पहिलं ऊन खांबावर पडलं, की समजायचं घुमट घरी आला. मग फट बंद करा आणि संध्याकाळपर्यंत हलवू नका."

"पह्यलं ऊन खांबावर," ते म्हणाले.

"अगदी."

संध्याकाळी मी यायची, वीज असली तर संगणक चालू करायची आणि आकडा द्यायची, नव्वद. उत्तरेपासून मोजलं की पूर्व नव्वद अंशांवर. घुमट दुर्बिणीशी सुंदर जुळायचा. दसऱ्यापर्यंत, कोजागरीपर्यंत मी खुशीत होते. मुलांना चंद्र दाखवत होते.

दिवाळीची सुट्टी संपली आणि एका संध्याकाळी मुलांपैकी कोणीतरी दुर्बिणीतून पाहत म्हणालं, "मॅडम, चंद्र आज फिका काहून दिसते?" मी वर पाहिलं तर दुर्बिणीच्या तोंडाचा जवळजवळ अर्धा भाग पत्र्याआड गेला होता. दुर्बीण चंद्राकडे, घुमट आपला दुसरीकडेच, दक्षिणेला जास्त वळलेला. हाताने मागे घेतला तर पंधरा अंश.

मी एक वही सुरू केली. तीन रकाने, तारीख, फरक, कारण. घरी माझे सासरे होते, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना बाबा म्हणत असू. त्यांना ही वही फार पसंत पडली. "लिहून ठेव सूनबाई. माणूस नाकबूल होतो, कागद होत नाही," असं ते तांबड्या पेन्सिलीने वर्तमानपत्रातल्या चुकांवर रेघा मारता मारता म्हणाले. आमच्या घरात संशय ही सावधगिरीच समजली जात असे.

कारणाच्या रकान्यात पहिले काही दिवस मी 'गणित?' असं लिहिलं. दुर्बीण घुमटाच्या अगदी मध्यबिंदूवर नसते, बैठकीच्या एका अंगाला झुकलेली असते, त्यामुळे दुर्बिणीचा कोन आणि फटीचा कोन एकच नसतो. ते गणित माझंच होतं. तीन वेळा पुन्हा केलं. बरोबर निघालं. मग लिहिलं 'चाक?' कापसाचे तंतू रुळावर चिकटले की मोजणारं चाक घसरत असणार. मी स्वतः गुडघे टेकून रूळ तपासला. आरशासारखा स्वच्छ. मग लिहिलं 'वीज?' पण वीज न गेलेल्या, क्वचितच उगवणाऱ्या दिवशीही फरक होताच. सोळा. सतरा. सतरा. अठरा. रोज थोडाथोडा, आणि कायम दक्षिणेकडे. यंत्र चुकतं तेव्हा कसंही चुकतं. हे कुणीतरी ठरवून केल्यासारखं होतं.

मग मी कारणाच्या रकान्यात 'दे. रा.' लिहिलं. प्रश्नचिन्ह दिलं नाही.

का केलं असेल त्यांनी, हे शोधायला मला वेळ लागला नाही. संशयाला कारण पुरवणं सोपं असतं, मन ते आपणहून आणून देतं. एका संध्याकाळी संगणक चालू करण्याआधी मी नुसती फट उघडली आणि समोर पाहिलं. फटीच्या बरोबर मधोमध, शेतांच्या पलीकडे, देवसिंगभाऊंचा तांडा. कवेलूंची छपरं, एक कडुनिंब, देवळावरचं पांढरं निशाण वाऱ्यावर हलत होतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, निदान मला तसं वाटलं. तांड्यावरची माणसं ढगांच्या गोष्टीला बिचकली असणार आणि त्यांनी याला सांगितलं असणार, ते तोंड आपल्याकडे वळव, ढग आपल्याकडे येऊ दे. नाहीतर ग्रंथालयातल्या दुसऱ्या शिपायाचा काही डाव असेल. नाहीतर हा माणूस मला मूर्ख ठरवायला बघतोय. तीनही कारणं मी एकाच वेळी खरी मानत होते.

मी रुळाशी खडूची बारीक खूण करायला लागले. संध्याकाळी घुमट जिथे उभा असेल तिथे एक टिंब, कुणाच्या नजरेस न येईल असं, चाकाच्या मागे. दुसऱ्या संध्याकाळी पाहायची. घुमट टिंबाच्या पुढे गेलेला असायचा, कधी अर्धं बोट, कधी त्याहून कमी. खडूची एक ठळक रेघ मारून "देवसिंगभाऊ, रोज इथे आणून ठेवा" एवढं म्हटलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला प्रश्न मिटवायचा नव्हता. मला माणूस पकडायचा होता.

त्यांना विचारलंही नाही असं नाही. विचारलं, पण कसं विचारलं ते सांगते. "घुमट रोज नीट ठेवता ना?"

"होय न मॅडम."

"उगवतीला?"

"उगवतीलेच." आणि मग माझ्याकडे पाहून, "काहून, काई चुकून राह्यलं का?"

"नाही," मी म्हटलं. पाळत ठेवणारा माणूस खरं उत्तर देत नाही. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला आणि तेही मी मनात टिपून ठेवलं, की बघा, घाबरले.

मार्गशीर्ष सरत आला. कापसाची दुसरी वेचणी जोरात होती, जिनिंगसमोर गाड्यांची रांग आमच्या फाटकापर्यंत यायची, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वर्गात ऐकू यायच्या. वहीतला फरक चोवीस झाला, पंचवीस झाला आणि थांबला. पंचवीस. पंचवीस. पंचवीस. खडूच्या टिंबावरच घुमट रोज येऊन उभा राहू लागला. यावर मी काय म्हणावं? मी म्हटलं, सावध झाला. त्याला खडू दिसला.

त्याच आठवड्यात, बावीस डिसेंबरला, मी गच्चीवर मुलांना उत्तरायण शिकवलं. संक्रांतीला नव्हे, उत्तरायण आजपासून सुरू होतं, हे मी दरवर्षी मोठ्या ऐटीत सांगत असे. सूर्य उगवण्याची जागा सहा महिने दक्षिणेकडे सरकत जाते, आज ती टोकाला पोचली, आता काही दिवस एका जागी थांबल्यासारखी वाटेल आणि मग मागे फिरेल. देवसिंगभाऊ खुर्च्या मांडून मागे उभे होते. ते मोठ्याने म्हणाले, "बराबर हाय. हे दोन-चार दिवस हालतच नाई तो. मी रोज पाह्यतो न."

मुलं हसली. मी म्हटलं, "देवसिंगभाऊ, मुलांना ऐकू द्या."

मी शिकवत राहिले. माझ्यामागे घुमट त्याच पंचवीस अंशांवर तोंड करून उभा होता.

जानेवारी लागताच प्राचार्यांनी बोलावलं. भले गृहस्थ, सतत दमलेले. कायम जागेसाठी दोघांच्या कामावर संबंधितांचा शेरा हवा होता. मी वही घेऊनच गेले होते. त्यांनी वहीची दोन पानं उलटली आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता त्यात खोट नसेलच. लिहून द्या." मी त्यांच्यासमोर बसून लिहिलं, एकच वाक्य. 'कामात नेमकेपणा नाही. दिलेली सूचना पाळली जात नाही.' सही केली. घरी येऊन बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नेमकं लिहिलंस." मला बरं वाटलं होतं, हेही इथे कबूल करायला हवं.

बाबांची एक वेताची खुर्ची होती. थंडीत सकाळी ते अंगणात ऊन खात वाचत बसत. ऊन जिकडे येईल तिकडे खुर्ची. दिवाळीत ती स्वयंपाकघराच्या दाराशी असायची, मग सरकत सरकत नहाणीच्या भिंतीकडे जायची. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मी तीळ भाजत होते. बाबांनी खुर्ची फरफटत दाराच्या दिशेला आणली आणि सहज म्हणाले, "ऊन परत फिरलं गं. येईल आता पुन्हा दाराशी."

माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. तीळ करपले, त्याचा वास घरभर झाला, बाबा ओरडले. मी वही काढून बसले होते. पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकवीस, तेवीस, पंचवीस, पंचवीस, पंचवीस, आणि गेल्या काही दिवसांत चोवीस, तेवीस, बावीस, एकवीस. मी ज्या मुलांना नापास करत असे त्यांच्यातल्या कुणाही मुलाने हा आलेख पाहून सांगितलं असतं की हा सूर्य आहे. तीन महिने मी सूर्याच्या प्रवासाची अचूक नोंद ठेवली होती आणि समोर 'दे. रा.' लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी गच्चीवर गेले. थंडी कडाक्याची होती. देवसिंगभाऊंनी घुमटाची फट उघडली होती, खांदा पत्र्याला लावून ते उभे होते, आणि तांड्याच्या बाजूला पाहत होते. माझी चाहूल लागली तरी त्यांनी नजर हलवली नाही. "थांबा मॅडम, निंगूनच राह्यला," एवढंच म्हणाले.

कडुनिंबाच्या डाव्या अंगाने सूर्याची कोर वर आली. त्यांनी खांद्याने घुमट बोटभर रेटला, मागे सरले, पुन्हा किंचित रेटला. ऊन खांबावर पडलं, अगदी मधोमध, दोन्ही कडांना सारखी सावली.

"झालं. घरी आला," ते म्हणाले आणि फट ओढून घेतली.

मी विचारलं, "रोज असंच करता?"

"तुम्हीच तर सांगतलं. पह्यलं ऊन खांबावर." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते गोंधळले. "काहून मॅडम?"

"पण देवसिंगभाऊ, सूर्य तर सरकतो ना. उगवती म्हणजे... उगवती म्हणजे पूर्व. ती एकाच जागी असते."

ते हसले. मला खात्री आहे, त्या हसण्यात काही नव्हतं. "अशी कशी? तो जिथून निंगते थेच उगवती. दुसरी कोनती रायते?" मग बोळा रॉकेलमध्ये बुडवत म्हणाले, "आमचे बुढे लोक बैलावर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत. थे म्हनत, उगवती रोज नवीन पाहाव लागते. कालची धरून चाललं का बैल भलतीकडेच जाते."

माझी उगवती एक आकडा होती, नव्वद. तो मी घटस्थापनेला पाठ केला आणि पुन्हा मान वर करून पाहिलं नाही. त्यांची उगवती रोज पहाटे उठून, दोन मैल सायकल मारून, थंडीत खांदा लावून शोधावी लागत होती. मला लाज वाटली. अजून वाटते. आणि एक गोष्ट त्याहून लाजेची आहे. कॉलेजात माझ्या वहीवर कुणी शंका घेतली नाही, कारण ती माझी होती. आणि माझी शंका गणितावरून, चाकावरून, विजेवरून फिरत जाऊन ज्या आडनावावर थांबली, तिथे तिला प्रश्नचिन्हाचीही गरज वाटली नाही. रस्त्यावरचा पोलीस वेगळं काय करत होता?

मी तडक प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, मला शेरा बदलायचा आहे, चूक माझी होती. त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, कागद वर गेला. आणि आता बदलला तर लोक काय म्हणतील? आधी उलट लिहिलं, मग सुलट लिहिलं, मधे काय झालं? तुमच्यावरच शंका घेतील." मी सूर्याचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्हाला त्यांनी सांगितलं का?" त्यांच्या डोळ्यांत ती बारीक नजर होती. माझीच नजर मला परत मिळाली होती. मी दुरुस्तीचं पत्र दिलं, त्याची पोच घेतली. पुढे काही झालं नाही. जागा ग्रंथालयातल्या माणसाला गेली आणि मार्चअखेर देवसिंगभाऊंची रोजंदारी संपणार असं कळलं.

मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला रोज संधी होती. पहाटेची ती रीतही मी बदलली नाही, कारण बदलायची तर का बदलायची ते सांगावं लागलं असतं. ते ऊन खांबावर आणत राहिले. मी रोज संध्याकाळी त्या दिवशीची उगवती कोष्टकात पाहून संगणकाला खरा आकडा देत राहिले, एकशे दहा, एकशे सात, एकशे चार. घुमट दुर्बिणीशी तंतोतंत जुळायचा. नव्वदपासूनचा फरक मी वहीत लिहीत होते, कारणाचा रकाना मात्र कोरा सोडत होते. त्यांना वाटत होतं की हेडक्लार्कने काहीतरी केलं. एकदा माझ्यापाशीच म्हणाले, "कोनं तरी कागद खराब केला माह्या." मी म्हटलं, "असेल." तो शब्द मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

फाल्गुन संपत आला, वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून सरपणाचे भारे रस्त्याने जाऊ लागले. जिनिंगचा भोंगा कमी वेळा वाजू लागला. देवसिंगभाऊंचा शेवटचा दिवस मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आला, हिशेबात उरलेली रजा धरून. सकाळी त्यांनी नेहमीसारखं ऊन खांबावर आणलं, फट बंद केली, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. स्वेटर घडी करून काखेत होता. उन्हाळा लागला होता.

"मॅडम, नव्या मानसाले बराबर समजावून सांगजा," ते म्हणाले. "मले सांगतलं तसं."

मी "हो" म्हटलं. ते राम राम करून गेले. इतकी वर्षं झाली, मी ते वाक्य उलटून पालटून पाहते. त्यांना माहीत होतं का? की ते सरळ मनाने म्हणाले? ज्याने सहा महिने माझं एक वाक्य शब्दशः पाळलं, तो माणूस सरळच बोलला असणार. पण मला ते तसं ऐकता येत नाही. मी निवृत्त झाले, घुमटाला चुंबकाचा खटका बसला, आता तो आपलं घर आपणच शोधतो म्हणतात. तांड्यावर मी कधी गेले नाही. जीपने जेमतेम दहा मिनिटं लागतात.

त्या संध्याकाळी मी एकटीच गच्चीवर गेले. वीज होती. फट उघडली. समोर तांडा नव्हता, तो उजव्या हाताला राहिला होता. समोर रिकामं शेत आणि बरोबर पूर्व. मी कोष्टक उघडलं आणि मग मिटून ठेवलं. गरज नव्हती. संगणकाने विचारलं, घुमट कुठे आहे? मी लिहिलं, नव्वद. दुर्बीण पहिल्या ताऱ्याकडे वळली, घुमट घरघरत तिच्या मागे गेला आणि थांबला. फट दुर्बिणीच्या तोंडासमोर, दोन्ही कडांना सारखी जागा सोडून.

वही काढली. फरकाच्या रकान्यात शून्य लिहिलं. मग दोन महिने कोरा ठेवलेला कारणाचा रकाना, त्यात लिहिलं, 'दे. रा.'

ती वही मी कॉलेजात ठेवली नाही, घरी आणली. कुणाच्या हाती लागू नये म्हणून आणली, हे खरं आहे. तिच्यात ही दोन अक्षरं पानापानावर आहेत. आरोप म्हणून न लिहिलेली ती तेवढ्या एका ओळीत आहेत, आणि ती ओळ त्यांनी पाहिलेली नाही.